मुलांच्या मेंदूतील गाठी आणि प्रथिनांची साक्ष

मुलाच्या मेंदूतील गाठ शस्त्रक्रियेने निघाली की तिचा एक तुकडा फॉर्मलीनच्या बरणीत पडतो, आणि त्या तुकड्यास पुढे कोण, किती व कोणत्या पद्धतीने प्रश्न विचारतो यावर त्या मुलाच्या आयुष्याचा बराचसा निवाडा ठरू लागतो. शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न एकच होता: सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी दिसतात कशा? गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यास जनुकांच्या प्रश्नाची जोड मिळाली. आणि अलीकडे तिसरा प्रश्न पुढे आला आहे, तो असा की, या पेशींत या घटकेस कोणती प्रथिने किती प्रमाणात आहेत आणि त्यांपैकी कोणती प्रत्यक्ष कामास लागलेली आहेत. या तिसऱ्या प्रश्नाचा आढावा येथे घ्यावयाचा आहे, आणि तो घेताना बोस्टन, हायडेलबर्ग व खारघर येथील संशोधनकेंद्रांबरोबर जालना जिल्ह्याकडेही लक्ष द्यावयाचे आहे. कारण या शास्त्राची पहिली पायरी लाखो-कोटी रुपयांच्या यंत्रापाशी सुरू होत नाही, जिल्ह्याच्या वा विभागाच्या ठिकाणी ज्या शस्त्रक्रियागृहात गाठ प्रथम निघते तेथे ती सुरू होते, असे माझे मत आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) व परभणी या जिल्ह्यांच्या मुलखातून निर्माण झाला, आणि २०११ च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर भरली. बालवयातील कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूतील गाठींचा क्रमांक लागतो, ही जगभरची नोंद ध्यानात घेतली म्हणजे एवढ्या वस्तीच्या जिल्ह्यात असे मूल विरळा असले तरी अपवादभूत नाही, हे मान्य करावे लागते. मात्र ते ओळखले जाण्यास वेळ लागतो. सकाळी अंथरुणातून उठताच डोके दुखणे, ओकारी होताच थोडे हलके वाटणे आणि दिवस वर आला की मूल पुन्हा खेळू लागणे, ही लक्षणे प्रथम पित्तावर घातली जातात, मग जंतांवर. पुढे चालताना झोक जाऊ लागला, डोळा तिरळा झाला, म्हणजे क्वचित बाहेरच्या बाधेवर. यात आईबापांस दोष देता येत नाही, कारण डोके दुखणाऱ्या व ओकणाऱ्या बहुसंख्य मुलांना खरोखरच साधे विकार असतात. परंतु लहान मेंदूच्या लगत वाढणाऱ्या गाठीने मेंदूतील पाण्याची वाट अडविली की प्रकरण एकाएकी तातडीचे होते, आणि मग भोकरदनचे वा मंठ्याचे मूल रातोरात जालन्यास, तेथून साठ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयात अथवा एखाद्या खाजगी इस्पितळात पोहोचते. पाणी काढून देण्यासाठी नळी, त्यानंतर गाठीची शस्त्रक्रिया, आणि पुढील उपचारासाठी संभाजीनगरचेच २०१२ साली सुरू झालेले शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा चारशेहून अधिक किलोमीटरवरचे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, असा हा मार्ग असतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेने या मार्गावरील खर्चाचा मोठा भार उचलला आहे, ही गोष्ट नमूद केलीच पाहिजे. प्रवासात कागदांच्या पुडक्याबरोबर एक लहानशी वस्तू असते: मेणाचा ठोकळा, ज्याला दवाखान्यात सर्वजण ब्लॉक म्हणतात. गाठीचा तुकडा त्यात बंदिस्त असतो, आणि ‘ब्लॉक आणि स्लाइडी घेऊन या’ ही सूचना टाटाच्या वाटेने गेलेल्या कुटुंबांच्या चांगलीच परिचयाची असते.

पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी १९२५ साली मुलांच्या लहान मेंदूत उद्भवणाऱ्या एका झपाट्याने वाढणाऱ्या गाठीस मेड्युलोब्लास्टोमा हे नाव दिले, तेव्हा ती बहुधा मृत्यूचाच दाखला असे. मँचेस्टरच्या पॅटरसन व फार यांनी १९५३ साली दाखवून दिले की, गाठीच्या जागेवरच न थांबता संपूर्ण मेंदू व पाठीचा कणा यांना किरणोपचार दिल्यास काही मुले जगतात. आणि तेव्हापासून आजतागायत हा उपचार, शस्त्रक्रिया आणि केमो यांच्या जोडीने, या रोगाचा मुख्य आधार राहिला आहे. सामान्य जोखमीच्या मुलास मेंदू व कण्यावर २३.४ ग्रे आणि अधिक जोखमीच्या मुलास ३६ ग्रे, ही आजची रूढ मात्रा होय. वाढत्या मेंदूने हे मोल चुकवावयाचे असते: स्मरण मंदावते, शाळेत मूल मागे पडते, उंची खुंटते, ग्रंथींचे स्राव बिघडतात, आणि सात वर्षांच्या मुलाने चुकविलेले हे मोल पुढे साठ वर्षे त्याच्या नावावर राहते. ज्याची गाठ सौम्य उपचाराने बरी होण्यासारखी आहे त्याला कठोर उपचार देणे हा त्याच्या बुद्धीवर घाला, आणि ज्याची गाठ उग्र आहे त्याला सौम्य उपचार देणे हा त्याच्या प्राणावर घाला. वर्गीकरणाचा सारा खटाटोप आहे तो ही निवड अचूक व्हावी म्हणून. आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली दोन्ही गाठी पुष्कळदा एकसारख्याच दिसतात, ही खरी अडचण आहे.

जनुकशास्त्राने ही अडचण काही अंशी दूर केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या एकमताच्या निवेदनानुसार मेड्युलोब्लास्टोमाचे चार गट मानले गेले: डब्ल्यूएनटी, एसएचएच, तिसरा आणि चौथा. पहिल्या गटातील मुले योग्य उपचाराने नव्वद टक्क्यांहून अधिक प्रमाणात वाचतात. तिसऱ्या गटातील, विशेषतः मिक या जनुकाच्या प्रती वाढलेल्या गाठींची मुले फार थोडी वाचतात. त्याच वर्षी मेंदूच्या खोडात पसरणाऱ्या असाध्य गाठींत हिस्टोन एच-३ या प्रथिनाच्या सत्ताविसाव्या जागेवरील लायसिन जाऊन मेथिओनिन आलेले आढळले, आणि एका अक्षराच्या चुकीने एवढा अनर्थ होतो हे पाहून जगभरचे संशोधक चकित झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली व अधिक विस्ताराने २०२१ साली आपल्या वर्गीकरणात हे सारे दाखल करून घेतले. तथापि जनुकांच्या साक्षीस एक मर्यादा आहे आणि ती मुलांच्या बाबतीत अधिकच जाणवते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पाहणीत मुलांच्या कर्करोगांतील जनुकीय बदलांचे प्रमाण प्रौढांच्या तुलनेने सुमारे १४ पटींनी कमी आढळले. तंबाखू, ऊन, धूर यांनी वर्षानुवर्षे केलेल्या जखमा मुलाच्या पेशींत नसतातच. मागच्या मेंदूतील इपेन्डिमोमाचा पीएफए हा गट तर याचे ठळक उदाहरण आहे: लहान मुलांना होणाऱ्या या घातक गाठीचे जनुक वाचत गेले तर वारंवार आढळणारी विकृती जवळजवळ हातीच लागत नाही. रोग उघड दिसतो आणि जनुकाचे दप्तर मात्र स्वच्छ, अशी ही स्थिती आहे. मग चूक कोठे आहे?

जालना हे बियाण्यांचे गाव आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिकोची स्थापना केली तेव्हापासून या नगराचे नाव देशभरच्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे, आणि म्हणून येथील वाचकास पुढील दृष्टांत सहज पटेल. पिशवीवर वाणाचे नाव छापलेले असते, पण त्यावरून शेतात उभे पीक कसे आहे हे कळत नाही. ते शेतात जाऊनच पाहावे लागते. जनुक हे पिशवीवरील नाव, आणि प्रथिन हे उभे पीक. मानवी जनुकसंचात प्रथिने घडविण्याची सुमारे २० हजार जनुके आहेत; जनुकापासून आरएनएचा निरोप निघतो आणि निरोपावरून प्रथिन बनते, परंतु निरोप किती निघाले यावरून प्रथिन किती बनले हे खात्रीने सांगता येत नाही, कारण काही प्रथिने बनताच मोडली जातात आणि काही दिवसेंदिवस टिकतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तयार प्रथिनावर फॉस्फेटचा एखादा कण चिकटला तर ते पुष्कळदा कामास लागते आणि कण निघाला तर स्वस्थ बसते. पेशीतील बहुतेक हुकूम असेच फॉस्फेटच्या खुणांनी एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे पोहोचतात, आणि जनुकाच्या वाचनात या खुणांचा मागमूस लागत नाही. नव्या पद्धतीची लक्ष्यवेधी औषधेही बहुतांशी प्रथिनांवरच काम करतात. तेव्हा औषध ज्या ठिकाणी काम करणार ते ठिकाण न पाहता केवळ जनुकावरून औषध निवडणे हे अर्धेच काम होय.

प्रथिनांची मोजणी ज्या यंत्राने होते त्यास मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठविलेला गाठीचा तुकडा भुकटीसारखा बारीक करून त्यातील प्रथिने विरघळवून घेतात. ट्रिप्सिन नावाचे विकर त्यांना लायसिन व आर्जिनिन या दोनच अमिनो आम्लांपाशी नेमके तोडते. आणि अशा रीतीने झालेले लक्षावधी पेप्टाइड-तुकडे एका बारीक नळीतून हळूहळू वाहत येऊन सुईच्या टोकाशी उच्च विद्युत्‌दाबाखाली फवाऱ्याच्या रूपाने बाहेर पडतात. जड रेणू न मोडता हवेत उडविण्याच्या युक्त्या शोधल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका यांस २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला. यंत्र प्रत्येक तुकड्याचे वजन घेते, त्यास पुन्हा फोडून त्याच्या कणांचेही वजन घेते, आणि संगणक या वजनांची गाठ ज्ञात जनुकसंचाशी घालून सांगतो की हा तुकडा अमुक प्रथिनाचा. निरनिराळ्या मुलांच्या नमुन्यांस निरनिराळी रासायनिक चिठ्ठी लावून ते एकत्र मोजण्याची सोय झाल्यामुळे तुलना विश्वसनीय झाली, आणि एकाच गाठीत हजारो प्रथिने एका दमात मोजता येऊ लागली. फॉस्फेट असलेले तुकडे फार थोडे असतात. ते लोह वा टायटॅनियम यांच्या साह्याने वेगळे वेचून घ्यावे लागतात, आणि तेवढ्यासाठी तुकडा मोठा व ताजा हवा असतो. मुलाच्या मेंदूतून शस्त्रवैद्य मोठा तुकडा घेऊ शकत नाही, हे निराळे सांगावयास नकोच.

या पद्धतीने मुलांच्या गाठींचा जो अभ्यास झाला त्यात २०१८ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. ‘कॅन्सर सेल’ या नियतकालिकात त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात ४५ मेड्युलोब्लास्टोमांची प्रथिने मोजली गेली, आणि एसएचएच गटात आरएनएच्या पाहणीने ठळक न होणारे दोन निराळे पोटगट प्रथिनांच्या पातळीवर उघड झाले. तिसऱ्या गटात मिक प्रथिनावरील रासायनिक खुणांचा संबंध रोगाच्या उग्रतेशी लागला. आजवर वैद्य मिकचे जनुक वाढले आहे की नाही एवढेच पाहत होते; मिक हे प्रथिन जनुक न वाढताही अधिक टिकाऊ व अधिक कार्यप्रवण होऊ शकते, ही गोष्ट जनुकाच्या तपासणीत सुटून जात होती. त्याच वर्षी पॅरिसची क्युरी संस्था आणि जर्मन सहकारी यांनी चौथ्या गटाच्या गाठींतील फॉस्फेटच्या खुणा तपासल्या. चौथा गट हा सर्वांत मोठा आणि सर्वांत अगम्य, कारण त्यास चालविणारे जनुक बहुसंख्य गाठींत सापडतच नव्हते. प्रथिनांनी मात्र एक बोट दाखविले: ईआरबीबी-४ आणि सार्क या प्रथिनांची साखळी तेथे अवाजवी कामास लागलेली होती, आणि उंदराच्या मेंदूत सार्क सतत चालू ठेवले व पेशींच्या वाढीस लगाम घालणारे पी-५३ हे प्रथिन काढून घेतले तेव्हा तशाच स्वरूपाची गाठ निर्माण झाली. माझ्या मते या शास्त्राच्या उपयुक्ततेचा हा सर्वांत सबळ पुरावा आहे, कारण येथे निरीक्षणावर न थांबता कार्यकारणभाव प्रयोगाने सिद्ध करण्याचा यत्न झाला.

पुढे डिसेंबर २०२० मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात सात प्रकारच्या २१८ गाठींचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. सौम्य ग्लायोमा ९३, इपेन्डिमोमा ३२, उग्र ग्लायोमा २५, मेड्युलोब्लास्टोमा २२, गँग्लिओग्लायोमा १८, क्रेनिओफॅरिंजिओमा १६ आणि एटीआरटी ही अत्यंत उग्र गाठ १२, अशी त्याची मोजदाद होती. त्यातील एक निष्कर्ष मला विशेष वाटतो. क्रेनिओफॅरिंजिओमा ही पीयूषिका ग्रंथीजवळची गाठ. तिच्यात बीआरएएफ या जनुकाची विकृती मुलांमध्ये सहसा नसते, तरीही तिच्यापैकी काही गाठींची प्रथिने बीआरएएफ विकृत असलेल्या सौम्य ग्लायोमांच्या प्रथिनांशी मिळतीजुळती निघाली. म्हणजे जनुक निराळे, पण चालू असलेली साखळी तीच. आणि साखळी तीच असेल तर औषधही कदाचित तेच लागू पडेल, असा हा तर्क आहे. बीआरएएफची विशिष्ट विकृती असलेल्या सौम्य ग्लायोमांसाठी डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब या जोडीस अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मान्यता मिळाली असल्याने या तर्कास निव्वळ विद्वत्तेपलीकडचे महत्त्व आहे, परंतु तर्क तो तर्कच. तो रुग्णांवरील रीतसर चाचणीने सिद्ध व्हावयाचा असतो, आणि १६ गाठींवरून कोणी औषध लिहू नये.

आता आपल्या देशाकडे वळू. मानवी प्रथिनसंचाचा जो पहिला ढोबळ आराखडा २०१४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे एक प्रमुख केंद्र बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स ही संस्था होती. अखिलेश पांडे आणि हर्षा गौडा यांच्या या कार्यात ३० निरोगी ऊती व पेशी तपासून १७,२९४ जनुकांची प्रथिने नोंदली गेली. त्यात गर्भाच्या मेंदूचा समावेश होता, ही गोष्ट आपल्या विषयास जवळची आहे. मेड्युलोब्लास्टोमासारख्या गाठी गर्भावस्थेतील लहान मेंदूच्या पेशींशी साधर्म्य राखतात. तेव्हा गाठीत काय अधिक आहे हे सांगावयाचे तर तुलनेस निरोगी बालमेंदू हवा, आणि तो कोठून आणावा हा प्रश्न कोणत्याही देशात सुटलेला नाही, कारण निरोगी मुलाच्या मेंदूचा तुकडा कोणी घेत नाही आणि घेऊही नये. मुंबईच्या आयआयटीत संजीवा श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने टाटा केंद्रातील शस्त्रवैद्य व विकृतिशास्त्रज्ञ यांच्या सहकार्याने ग्लायोमा व मेनिन्जिओमा यांच्या प्रथिनांवर वर्षानुवर्षे काम केले आहे, आणि टाटा केंद्र व आयआयटी या दोन्ही संस्था प्रथिने व जनुके एकत्र अभ्यासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघात सामील आहेत. यातील बहुतेक काम प्रौढांच्या गाठींवर झाले आहे. मुलांकडे हे लक्ष आता वळले पाहिजे.

तरीही मुलांच्या गाठींवरील महाराष्ट्राचे एक काम मोठ्या आदराने उल्लेखावेसे वाटते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा केंद्राच्या संशोधनसंस्थेत नीलम शिरसाट यांच्या गटाने मेड्युलोब्लास्टोमाचे चार गट ओळखण्यासाठी १२ जनुके व ९ सूक्ष्म आरएनए यांच्यावर आधारलेली तपासणी बसविली, आणि २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. ती प्रथिनांची तपासणी नव्हे, आरएनएची आहे, हे कबूल. पण तिचे मर्म असे की ती फॉर्मलीनमधून मेणात बसविलेल्या साध्या ब्लॉकवर चालावी याच हेतूने आखली गेली. परदेशांतील बहुतेक मोठे अभ्यास ताज्या गोठविलेल्या ऊतींवर बेतलेले असताना, भारतातील मूल मेणाच्या ब्लॉकसह दारात येते, ही वस्तुस्थिती गृहीत धरून शास्त्र रचले गेले. आणि आपल्या परिस्थितीचे शास्त्र म्हणतात ते हेच.

टाटा केंद्रातील एका चाचणीचा वृत्तांत येथे टाळता येत नाही, कारण वर्गीकरणाने उपचार हलका करण्याची उमेद कोठपर्यंत न्यावी हे त्यातून दिसते. डब्ल्यूएनटी गटाची मुले चांगली वाचतात, तर त्यांचा कणा किरणांपासून वाचवावा, या विचाराने तेथील वैद्यांनी निवडक मुलांना केवळ गाठीच्या जागेपुरता किरणोपचार दिला. काही मुलांत रोग मेंदूत व कण्यात अन्यत्र उलटला. वैद्यांनी चाचणी वेळीच थांबविली, ते प्रामाणिकपणे जाहीर केले, आणि पुढील चाचणीत कण्यावरील किरण अजिबात न वगळता मात्रा १८ ग्रेपर्यंत उतरविण्याचा मार्ग धरला. गाठीचा गट अचूक ओळखला तरी तिच्या वर्तनाचे सारे ज्ञान आपल्या हाती आलेले नसते, हे या घटनेने दाखविले. आणि जे ज्ञान अद्याप हाती नाही त्याचा काही अंश प्रथिनांत दडला असावा, अशी आशा बाळगण्यास जागा आहे.

वर वर्णिलेल्या यंत्रांची किंमत आणि त्यांना लागणारी माणसे पाहिली म्हणजे जालन्याच्या वाचकास वाटेल की हे सारे आपल्या कक्षेबाहेरचे आहे. परंतु प्रथिनांची साक्ष घेण्याची एक जुनी, स्वस्त आणि पडताळलेली रीत आपल्याकडे आहेच, आणि विकृतिशास्त्राच्या चांगल्या प्रयोगशाळांत ती रोज वापरली जाते: प्रतिपिंडांचे रंजन, ज्यास वैद्यकात सर्वजण आयएचसी म्हणतात. मेणाच्या ब्लॉकमधून केसाहून पातळ काप काढून काचेवर बसवितात, विशिष्ट प्रथिनास चिकटणारे प्रतिपिंड त्यावर सोडतात, आणि जेथे ते प्रथिन असेल तेथे तपकिरी रंग उमटतो. बाकीच्या पेशींचे केंद्र निळे राहते. एटीआरटी या उग्र गाठीत आयएनआय-१ नावाचे प्रथिन नाहीसे होते. काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की गाठीच्या पेशींची केंद्रे निळी, आणि त्यांच्याच मधून गेलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीतील पेशींची केंद्रे मात्र गडद तपकिरी, असे चित्र दिसते. ती रक्तवाहिनी ही त्या तपासणीची जामीन आहे: तिची केंद्रे तपकिरी नसतील तर गाठीतील निळेपणास काही अर्थ नाही, कारण मग रंजनच फसलेले असते. जनुकांनी ज्याचा पत्ता दिला नव्हता तो पीएफए इपेन्डिमोमाही असाच ओळखता येतो. हिस्टोनवरील एक मेथिल खूण त्याच्या पेशींतून पुसली गेलेली असते आणि एका प्रतिपिंडाने ते काही तासांत कळते. खोडाच्या गाठीतील बदललेला हिस्टोन दाखविणारे प्रतिपिंड आहे, बीआरएएफच्या विकृत प्रथिनाचे आहे. बीटा-कॅटेनिन केंद्रात शिरलेले दिसले तर डब्ल्यूएनटी गटाचा संशय बळावतो, आणि गॅब-१ व याप-१ यांच्या जोडीने एसएचएच गट वेगळा काढता येतो. तिसरा व चौथा हे गट मात्र या रीतीने एकमेकांपासून वेगळे होत नाहीत, आणि तेथे खारघरसारख्या केंद्राचा आधार घ्यावाच लागतो.

रक्त आणि मेरुद्रव यांचीही साक्ष थोडक्यात सांगितली पाहिजे. मेंदूच्या मध्यभागी होणाऱ्या जननपेशींच्या काही गाठींत अल्फा-फीटोप्रोटीन व एचसीजी ही प्रथिने रक्तात व मेरुद्रवात वाढतात, आणि ती पुरेशी वाढलेली असल्यास तुकडा न काढताही निदान मान्य केले जाते. म्हणजे प्रथिनाच्या मोजणीने मेंदूवरील शस्त्र टळते. मेड्युलोब्लास्टोमाच्या मुलांच्या मेरुद्रवात प्रोस्टाग्लँडिन डी सिंथेज हे प्रथिन लक्षणीय घटलेले आढळल्याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, पण त्यावरून नित्याची तपासणी उभी राहिलेली नाही. अशी पुष्कळ प्रथिने नियतकालिकांत चिन्हक म्हणून मिरवतात आणि दुसऱ्या इस्पितळातील मुलांवर पडताळताना गळून पडतात. नवे चिन्हक जाहीर करण्याची घाई आणि जुने पडताळण्याचा कंटाळा, हा या शास्त्राचा मोठा दोष आहे, आणि तो यंत्रे वाढविल्याने दूर होणार नाही.

यावरून मी प्रारंभी मांडलेल्या मतापाशी येतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात गाठीचे तुकडे शरीराबाहेर निरनिराळा वेळ ठेवून मग गोठविले गेले. प्रथिनांचे प्रमाण तासाभरात फारसे हलले नाही. फॉस्फेटच्या खुणांपैकी मात्र चोवीस टक्क्यांपर्यंत खुणा त्याच तासात बदलल्या. याचा सरळ अर्थ असा की, तुकडा ट्रेमध्ये पडून राहिला, तर पुढे कितीही मौल्यवान यंत्रावर तो मोजला तरी त्या यंत्राने वाचलेली गोष्ट गाठीची असेल की ट्रेमधील हेळसांडीची, हे कोणास सांगता येणार नाही. आयएचसीसाठीही शिरस्ता कडकच आहे: फॉर्मलीन दहा टक्क्यांचे आणि फॉस्फेटच्या क्षारांनी आम्लता काढलेले असावे, तुकड्याच्या निदान दहा पट असावे, आणि तुकडा त्यात सहा तासांहून कमी वा तीन दिवसांहून अधिक राहू नये. या क्षारांस फारसे मोल पडत नाही. परंतु लहान इस्पितळांतून साधे आम्लधर्मी फॉर्मलीन, तेही अपुरे, वापरले जाते, आणि महिन्याभराने मुंबईत जेव्हा रक्तवाहिनीची केंद्रेही निळीच दिसतात तेव्हा नवा तुकडा मिळावा म्हणून मुलाचे डोके पुन्हा उघडण्याची तजवीज कोणी करू शकत नाही. शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीत तुकडा निघाल्याची वेळ आणि फॉर्मलीनमध्ये पडल्याची वेळ अशी दोन कलमे लिहिली जावीत, एवढ्या साध्या सुधारणेस कोणत्याही सरकारी मंजुरीची गरज नाही. जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे; त्याच्या विकृतिशास्त्र विभागाने हा जाबता प्रथमपासून घालून द्यावा, संभाजीनगरच्या विभागाशी त्याचा मेळ ठेवावा, आणि जेथे सोय होईल तेथे एक छोटा तुकडा गोठवून जतन करावा. हे करताना पालकांची संमती त्यांना समजेल अशा मराठीत घेतली जावी: ऊतीचा कोणता भाग उपचारासाठी, कोणता अभ्यासासाठी, आणि नकार दिल्यास उपचारात काही फरक पडणार नाही, हे त्यात स्पष्ट असावे.

जागतिक अभ्यासांतील २१८ गाठी प्रामुख्याने अमेरिकेतील मुलांच्या आहेत. मराठवाड्यातील मुलांची प्रथिने तशीच असतील असे गृहीत धरून आपण औषधे निवडत आहोत, आणि ते गृहीत कदाचित खरेही असेल. पण ते तपासलेले नाही. तपासावयाचे तर आधी अशी मुले किती आणि कोठली याची यादी हवी. बार्शीस १९८७ साली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली ती कार्यकर्ते गावोगाव जाऊन माहिती गोळा करू लागले म्हणून. आज जालना जिल्ह्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांतून फिरतातच. सकाळची ओकारी, चालताना जाणारा झोक आणि नव्याने आलेला तिरळेपणा या तिहींकडे त्यांचे लक्ष मुद्दाम वेधले, आणि अशा मुलास थेट स्कॅनकडे धाडण्याचा अधिकार त्यांना दिला, तर काही मुले आठवडे-महिने आधी सापडतील. आधी सापडलेल्या मुलाची शस्त्रक्रिया रात्री दोन वाजता तातडीने होत नाही. ती दिवसा, ठरलेल्या वेळी, विकृतिशास्त्र विभागास कळवून होते, आणि तेव्हाच तुकडा वेळेवर व नीट जतन करणारा माणूस तेथे हजर असतो.